पॅटागोनियाचं दक्षिण हिमक्षेत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर चिली आणि अर्जेंटिना जिथे निमुळते होत जातात, तिथे अँडीजच्या माथ्यावर एक लांबट पांढरा पट्टा दिसतो. त्या पट्ट्याबद्दल लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषयच तसा आहे. काही दोन ओळींत संपतात.

हे हिमक्षेत्र नेमकं कुठे आहे?

दक्षिण अक्षांश सुमारे ४८ अंश २० मिनिटांपासून ५१ अंश ३० मिनिटांपर्यंत, अँडीजच्या कण्यावर. पश्चिमेला चिलीचे फियॉर्ड (डोंगरांत शिरलेल्या अरुंद, खोल खाड्या) आणि पॅसिफिक, पूर्वेला अर्जेंटिनाची मोठमोठी सरोवरं आणि त्यापलीकडे कोरडं गवताळ पठार. बर्फाचा बराच मोठा भाग चिलीत येतो, उरलेला अर्जेंटिनात. एका भागात तो नेमका कोणाच्या हद्दीत, हे अजून ठरलेलंच नाही, त्याबद्दल पुढे.

चिलीत याला 'काम्पो दे इएलो सूर' म्हणतात, म्हणजे दक्षिणेचं बर्फाचं रान. अर्जेंटिनात 'इएलो कॉन्तिनेन्ताल', खंडावरचा बर्फ. बोली एकच, स्पॅनिश, पण कोण कुठलं नाव घेतं यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं.

किती मोठं आहे? प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा का?

उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३५० किलोमीटर. रुंदी बहुतेक ठिकाणी ३० ते ४० किलोमीटर, पण मध्येच कंबर आवळल्यासारखी होऊन दहा किलोमीटरच्याही आत येते. क्षेत्रफळ साधारण १२ ते १३ हजार चौरस किलोमीटर. अंटार्क्टिका सोडलं तर दक्षिण गोलार्धात एवढा मोठा सलग बर्फ दुसरीकडे नाही.

आकडे जुळत नाहीत याची तीन कारणं. एक, बर्फ कमी होतो आहे, त्यामुळे १९८० च्या दशकातल्या चित्रावरून मोजलेलं क्षेत्र आणि आजचं क्षेत्र सारखं येणार नाही. दोन, कडेच्या सुट्या छोट्या हिमनद्या धरायच्या की सोडायच्या, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. आणि तीन, ढग. मी या भागाची उपग्रहचित्रं हौसेने बघत आलो आहे आणि दहातल्या आठ चित्रांत ढगांच्या गोधडीशिवाय काही हाती लागत नाही. ढगाखाली बर्फ कुठे संपतो आणि ताजं हिम कुठे सुरू होतं, हे ओळखणं हा अर्धा अंदाजाचाच खेळ. १६ हजारांच्या वरचा आकडाही वाचायला मिळतो. तो दिसला तर आधी कडेचं काय काय त्यात मोजलंय ते बघा.

हिमक्षेत्र आणि हिमनदी यांत फरक काय?

डोंगराच्या माथ्यावर ठेवलेलं भलंमोठं, काठोकाठ भरलेलं ताट डोळ्यांसमोर आणा. ते ताट म्हणजे हिमक्षेत्र. काठावरून जिथे जिथे सांडतं त्या ओघळी म्हणजे हिमनद्या. या ताटातून ४८ मोठ्या हिमनद्या बाहेर पडतात, लहानसहान वेगळ्याच.

अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडवर आहे तो हिमस्तर. तो खालचा मुलूख जवळजवळ पूर्ण गिळून टाकतो. हिमक्षेत्रात डोंगर बर्फाला वाट दाखवतात आणि शिखरं वर डोकावत राहतात. अशा एकट्या उभ्या सुळक्यांना नुनाटाक म्हणतात. शब्द ग्रीनलंडकडचा, वापर सगळीकडे.

याच अक्षांशावर उत्तरेत पॅरिस आणि लंडन आहेत. मग इथेच एवढा बर्फ कसा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बर्फ म्हटला की आपल्याला आधी थंडी आठवते. इथे कारण थंडीपेक्षा पाण्याचं आहे.

दक्षिण गोलार्धात चाळीस ते साठ अंशांच्या पट्ट्यात जमीन जवळजवळ नाही. न्यूझीलंडचं दक्षिण टोक मागे पडलं की पश्चिमी वाऱ्यांना थेट चिलीच्या किनाऱ्यापर्यंत अडवणारं काही उरत नाही. हजारो किलोमीटर समुद्रावरून बाष्प उचलत आलेली ही हवा अँडीजवर आदळते. इथले डोंगर हिमालयाच्या मानाने बुटके, पण भिंतीसारखे आडवे पडलेले. हवा वर चढते, निवते आणि असेल नसेल ते सगळं तिथेच टाकून देते. बर्फाच्या पठाराची उंची साधारण १,२०० ते १,८०० मीटर. तेवढ्या उंचीवर या अक्षांशात पाऊस हिम होऊनच पडतो. पठाराच्या काही भागांत वर्षभरात पडणारं हिम वितळवून मोजलं तर पाच ते दहा मीटर पाणी भरेल, असे अंदाज आहेत.

उन्हाळ्यात हिमनद्यांची टोकं भराभर वितळतात, तरी वरून भरणा सुरूच असतो. मिळकत प्रचंड आणि खर्चही प्रचंड, असा हा संसार. कोरड्या, कडक थंडीच्या अंटार्क्टिकाचं गणित याच्या उलट: तिथे हिम पडतं थोडं, पण पडलेलं जातच नाही.

म्हणजे तिथे फार थंडी नसते?

असते, पण उणे पन्नासची नव्हे. हा बर्फ आतपर्यंत वितळबिंदूच्या आसपास असतो. थोडी ऊब मिळाली की पाणी. माणसाला इथे मारतो तो वारा आणि ओल. उणे दोन अंशांत भिजलेले कपडे आणि ताशी शंभर किलोमीटरचा वारा एकत्र आले की उणे वीसची कोरडी थंडी बरी वाटेल.

पूर्व आणि पश्चिम बाजूंत एवढा फरक का सांगतात?

कारण तो आहेच, आणि नकाशावर तर विश्वास बसू नये इतका आहे.

पश्चिमेला पुएर्तो एदेन नावाचं छोटं गाव आहे, वेलिंग्टन बेटाच्या काठावर. तिथे वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि गावातून चालायला लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत, कारण जमीन म्हणावी तर ती भिजलेल्या स्पंजसारखी. तिथून आग्नेयेला जेमतेम दोनशे किलोमीटरवर एल कालाफाते हे शहर. तिथे वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. मधल्या भिंतीने सगळं पाणी अडवून ठेवलेलं. शाळेत पर्जन्यछाया शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

पश्चिम उतारावर सदाहरित कोइग्वेची दाट जंगलं, शेवाळ आणि दलदल. हिमनद्या थेट खाऱ्या पाण्यात उतरतात. पूर्वेकडे आधी लेंगा आणि न्यिरे या पानगळीच्या झाडांचा पट्टा, शरद ऋतूत तांबडालाल होणारा. मग थोड्याच अंतरात झाडं संपतात आणि वाऱ्याने दाबलेल्या पिवळ्या गवताची झुडपं सुरू होतात. पूर्वेच्या हिमनद्या समुद्राऐवजी सरोवरांत संपतात.

कालाफाते हे नाव तिथल्याच एका काटेरी झुडपाचं. जांभळी फळं येतात, खाल्ली की जीभ रंगते. ज्याने कालाफाते खाल्लं तो पॅटागोनियात परत येतो, अशी तिकडची म्हण आहे, आणि पर्यटन खात्याने ती अर्थातच सोडलेली नाही.

बर्फाच्या खाली काय आहे?

दऱ्या, डोंगर आणि निदान एक जिवंत ज्वालामुखी.

लाउतारो हे सुमारे ३,६०० मीटर उंचीचं शिखर बर्फाच्या मधोमध उभं आहे. वरून ते इतर शिखरांसारखंच पांढरं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे ज्वालामुखी असल्याची कुजबुज होती, बर्फावर राख दिसे, पण तोंड कुठे ते ठरत नव्हतं. १९६४ साली दोन अर्जेंटिनी गिर्यारोहक माथ्यावर पोहोचले. त्यांतले पेद्रो स्क्वार्का पुढे याच बर्फाचे नावाजलेले अभ्यासक झाले.

बर्फाची जाडी रडारने आणि गुरुत्वाकर्षणाच्या हवाई मोजणीने काढतात. काही दऱ्यांत ती एक किलोमीटरच्या वर जाते. काही हिमनद्यांचा तळ समुद्रसपाटीच्याही बराच खाली आहे. हे नुसतं कुतूहलाचं नाही: टोक मागे हटून खोल पाण्यात आलं की हिमनदीचा पाय सुटतो, आणि मग ती थांबता थांबत नाही.

फिट्झ रॉय आणि सेर्रो तोर्रे याच बर्फात आहेत का?

बर्फाच्या पूर्व काठाला लागून. फिट्झ रॉय ३,४०५ मीटर, सेर्रो तोर्रे ३,१२८. उंची ऐकून कोणी दबकत नाही, पण ग्रॅनाइटचे हे खांब जवळजवळ सरळसोट आहेत आणि पश्चिमेची ओली हवा थेट त्यांच्यावर येऊन तिथेच गोठते. तोर्रेच्या माथ्यावर फुलकोबीसारखा फुगलेला बर्फाचा टोप बसतो. खडक चढून झाल्यावर गिर्यारोहकाला तो पोखरून वर जावं लागतं.

फिट्झ रॉयचं स्थानिक नाव चाल्तेन. पूर्वेच्या पठारावरच्या तेउएल्चे लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ धूर सोडणारा डोंगर असा सांगतात. शिखरामागे ढगाचा पट्टा सतत लोंबत असतो. खालून पाहणाऱ्याला तो धूर वाटला तर नवल नाही. फिट्झ रॉय हे नाव १८७७ मध्ये फ्रान्सिस्को मोरेनो या अर्जेंटिनी संशोधकाने दिलं, 'बीगल' जहाजाच्या कप्तानावरून. हा कप्तान १८३४ साली डार्विनला घेऊन सांता क्रूझ नदीतून होड्या ओढत वर आला होता. शिधा संपत आला आणि ते परतले. ज्या सरोवरातून ती नदी निघते, ते थोडक्यात राहून गेलं.

पेरितो मोरेनो हिमनदी एवढी प्रसिद्ध का?

खरं सांगायचं तर तिथे बसने जाता येतं म्हणून. ती इथली सगळ्यात मोठी नाही. क्षेत्रफळ अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास, लांबी ३० किलोमीटर. पण एल कालाफातेपासून सुमारे ८० किलोमीटर पक्का रस्ता, आणि रस्ता संपतो तिथे समोरच पाच किलोमीटर रुंदीची, पाण्यावर साठ-सत्तर मीटर उभी निळी भिंत. समोरच्या उतारावर लाकडी सज्जे बांधले आहेत. तिथे उभं राहिलं की आधी काहीच घडत नाही. मग आत कुठेतरी तोफ डागल्यासारखा आवाज होतो, आपण आवाजाच्या दिशेने बघतो आणि काहीच दिसत नाही, कारण पडायचं ते आधीच पडून गेलेलं असतं. खाली पाण्यात फक्त लाट पसरत जाते. डोळा भिंतीवर ठेवून आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकायला तास-दोन तास लागतात.

तिची खरी गंमत बांधाची आहे. हिमनदी पुढे सरकत समोरच्या मागायानेस द्वीपकल्पाला जाऊन टेकते आणि आर्जेंतिनो सरोवराचे दोन भाग होतात. दक्षिणेकडच्या ब्रासो रिको या फाट्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. तिथलं पाणी चढत जातं, कित्येक मीटर. काठची झाडं पाण्यात उभी राहून मरतात. मग पाण्याचा दाब बर्फाखालून बोगदा कोरतो, बोगद्याची कमान होते, आणि एके दिवशी कमान कोसळते.

ही पहिली फूट १९१७ साली नोंदली गेली. १९८८ नंतर १६ वर्षं काही झालं नाही, मग मार्च २००४ मध्ये झालं आणि पुढे दर दोन-चार वर्षांनी होत राहिलं. तारीख सांगता येत नाही. २००८ मध्ये भर हिवाळ्यात, जुलैत फुटली. मार्च २०१८ मध्ये लोक दिवस-दिवस सज्जांवर बसून होते, आणि कमान पडली रात्री, उद्यान बंद असताना.

'पेरितो' म्हणजे काय?

तज्ज्ञ. फ्रान्सिस्को मोरेनो हा सीमावादात अर्जेंटिनाचा अधिकृत तज्ज्ञ होता, त्यावरून. म्हणजे हिमनदीचं नावसुद्धा हद्दीच्या भांडणातूनच आलं.

सगळ्याच हिमनद्या मागे हटत आहेत का?

बहुतेक सगळ्या. उत्तर टोकाची होर्हे मोंत हिमनदी १८९८ पासून जवळजवळ २० किलोमीटर मागे गेली. संशोधकांनी तिच्यासमोर कॅमेरा लावून ठेवला होता. २०१० च्या फेब्रुवारीपासून वर्षभरात ती एक किलोमीटर हटताना त्यात दिसली. मागे सरकताना तिने जुन्या झाडांचे बुंधे उघडे टाकले, अडीचशे ते साडेचारशे वर्षांपूर्वीचे. म्हणजे तिथे एकदा जंगल होतं, बर्फ येऊन त्यावर बसला आणि आता उठून चालला आहे. ओ'हिगिन्स हिमनदीने विसाव्या शतकात सुमारे १५ किलोमीटर सोडले. उप्साला (स्वीडनच्या विद्यापीठावरून ठेवलेलं नाव) हीसुद्धा त्याच वाटेने.

आणि मग पिओ अकरावा. पोपच्या नावाची ही हिमनदी दक्षिण अमेरिकेतली सगळ्यात मोठी: साठ किलोमीटरांहून लांब, बाराशे चौरस किलोमीटरहून जास्त. १९४५ ची हवाई छायाचित्रं आणि आजची चित्रं शेजारी ठेवली तर ती सुमारे १० किलोमीटर पुढे आलेली दिसते. वाटेतलं जंगल आडवं केलं, एका नदीचं तोंड बुजवून ग्रेवे नावाचं सरोवर तयार केलं. टोकाशी तिने स्वतःच आणून टाकलेल्या गाळाचा आणि दगडगोट्यांचा ढीग खोल पाण्याला अडवतो, हे तिच्या वागण्याचं एक कारण मानतात. 'बघा, हिमनद्या वाढतायत' असं म्हणणाऱ्यांना ही एक फार आवडते. ४८ पैकी एक.

पेरितो मोरेनोही बरीच वर्षं स्थिर हिमनदी म्हणून दाखवली जायची. २०१९ नंतर तीही शेकडो मीटर मागे सरली आहे.

हटण्याचं कारण फक्त तापमान?

मूळ कारण तेच, पण टोक पाण्यात असलेल्या हिमनद्यांचं गणित सरळ नसतं. किती हटणार हे बऱ्याच अंशी टोकाखालच्या पाण्याच्या खोलीवर ठरतं. खोल पाणी मिळालं की तुकडे भराभर तुटतात. उथळ उंबरठा किंवा अरुंद गळा मिळाला की हिमनदी तिथे पाय रोवते आणि काही दशकं तशीच राहते. त्यामुळे एकाच हवामानात शेजारच्या दोन हिमनद्या वेगळ्या वागतात. एकीकडे बघून दुसरीचा निकाल लावू नये.

बर्फ निळा का दिसतो?

दाबाखाली आतली हवा निघून जाते, बर्फ घट्ट होतो. अशा बर्फातून प्रकाश लांबवर जातो आणि जाताना तांबडा भाग शोषला जातो. परत येतो तो निळा. ताज्या हिमात हवेचे बुडबुडे असतात, म्हणून ते पांढरं.

आणि सरोवरं दुधाळ कशाने?

हिमनदी खडकाचं अक्षरशः पीठ दळते. ते इतकं बारीक असतं की खाली बसत नाही, पाण्यात तरंगत राहतं.

वितळलेलं पाणी जातं कुठे?

पश्चिमेचं सरळ पॅसिफिकमध्ये. पूर्वेचं बहुतेक अटलांटिकमध्ये: व्हिएदमा सरोवरातून ला लेओना नदी निघते, ती आर्जेंतिनो सरोवरात येते, आणि तिथून सांता क्रूझ नदी सगळं पठार ओलांडून समुद्र गाठते. ला लेओना म्हणजे सिंहीण. १८७७ मध्ये या नदीकाठी मोरेनोवर प्यूमाच्या (डोंगरी सिंहाच्या) मादीने हल्ला केला होता, त्यावरून हे नाव.

पण एक पठ्ठ्या नियम मोडतो. बर्फाच्या ईशान्येचं एक मोठं, फाटे फुटलेलं सरोवर चिलीत ओ'हिगिन्स आणि अर्जेंटिनात सान मार्तिन म्हणून ओळखलं जातं. दोघेही स्वातंत्र्यलढ्याचे नायक, प्रत्येकाने आपापला घेतला. ८३६ मीटर खोल, दोन्ही अमेरिका खंडांत सगळ्यात खोल. त्याचा एक मोठा भाग अँडीजच्या पूर्वेला पसरलेला असूनही त्याचं पाणी पास्कुआ नदीने डोंगर फोडून पॅसिफिकमध्ये जातं. पुढच्या प्रश्नाची सगळी गुंतागुंत या एका नदीत आहे.

इथे चिली-अर्जेंटिनाची सीमा कुठून जाते?

१८८१ च्या तहात लिहिलं होतं की सीमा अँडीजच्या अशा सर्वोच्च शिखरांवरून जाईल, जी पाणी दोन बाजूंना वाटतात. वाचायला ठीक. पण दक्षिणेत सर्वोच्च शिखरं एकीकडे आणि पाणलोटाची रेषा दुसरीकडे. चिली म्हणे पाणलोट धरा, अर्जेंटिना म्हणे शिखरं धरा. ज्याला ज्यात जास्त जमीन मिळते ते. १९०२ मध्ये ब्रिटिश राजाच्या लवादाने बऱ्याच ठिकाणी मधली वाट काढली. बर्फावर तर कोणी गेलंच नव्हतं, तिथे रेषा कागदावरच राहिली.

आणि बर्फावर पाणलोट ठरवायचा तरी कसा? जमिनीवर पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते दिसतं. इथे पठार जवळजवळ सपाट, वाटणी करणारी रेषा म्हणजे बर्फाचाच एक अस्पष्ट उंचवटा. बर्फ वाढला-घटला की तोही हलतो. ज्या गोष्टीवर खूण ठोकायची तीच चालती, असा प्रकार.

शेजारच्या लागुना देल देसिएर्तो या खोऱ्यावरून १९६५ मध्ये गोळीबार होऊन चिलीचा एक पोलीस अधिकारी मारला गेला. १९९४ मध्ये लवादाने ते खोरं अर्जेंटिनाला दिलं. एल चाल्तेन हे गाव, आज गिर्यारोहकांची पंढरी, अर्जेंटिनाने १९८५ मध्ये वसवलं ते याच वादात पाय रोवण्यासाठी.

बर्फापुरता करार १९९८ च्या डिसेंबरात झाला. मुरायोन शिखरापासून दक्षिणेला दाउदेत शिखरापर्यंतची रेषा ठरली. फिट्झ रॉय ते मुरायोन हा टप्पा मात्र दोघांनी मिळून नकाशा तयार करेपर्यंत मोकळा ठेवला. चिलीच्या अधिकृत नकाशांवर तिथे एक चौकोन आखलेला असतो, त्यात सीमारेषा नाही. छापील नकाशात कोणी तिथे ठळक रेष ओढलेली दिसली, तर नकाशा कुठे छापलाय ते आधी बघावं.

या बर्फामुळे प्रत्यक्ष काय अडतं?

चिलीचा रस्ता. देशाचा दक्षिणेकडे जाणारा कार्रेतेरा आउस्त्राल हा मार्ग बिया ओ'हिगिन्स या गावाशी संपतो, कारण पुढे बर्फ आणि फियॉर्ड. तिथून दक्षिणेच्या पुन्ता आरेनासला गाडीने जायचं तर चिलीच्या माणसाला अर्जेंटिनातून वळसा घालावा लागतो. नाहीतर बोट, नाहीतर विमान.

उत्तरेतही असंच एक हिमक्षेत्र आहे ना?

हो, उत्तर पॅटागोनियन हिमक्षेत्र, सुमारे ४,००० चौरस किलोमीटर, पूर्णपणे चिलीत. त्याची सान राफाएल हिमनदी समुद्राला भिडणाऱ्या जगातल्या हिमनद्यांत विषुववृत्ताला सगळ्यात जवळची. दोन्ही हिमक्षेत्रांच्या मधून बेकर नदी समुद्राला मिळते; मुखाशी कालेता तोर्तेल, जिथे गल्ल्यांच्या जागी सायप्रस लाकडाचे पूल आहेत. शेवटच्या हिमयुगात ही दोन्ही एकच होती, सुमारे १,८०० किलोमीटर लांबीच्या एका हिमस्तराचे भाग. आर्जेंतिनो, व्हिएदमा ही सरोवरं त्यानेच कोरली.

हे पार कोणी केलं?

इटालियन धर्मगुरू आल्बेर्तो दे आगोस्तिनी १९३१ मध्ये आडवं पार करून गेले. १९५५-५६ मध्ये टिलमन नावाचा इंग्रज स्वतःची शिडाची बोट फियॉर्डमध्ये लावून बर्फ ओलांडून आला. पण लक्षात राहतो एरिक शिप्टन. एव्हरेस्टच्या वाटा शोधलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर, चिलीतल्या तीन साथीदारांसह, १९६० च्या डिसेंबरात उत्तरेकडून बर्फावर चढला आणि ५२ दिवसांनी आर्जेंतिनो सरोवराकडे उतरला. लांबीच्या दिशेने, घसरगाडी ओढत, बहुतेक दिवस वादळात.

आज आपल्याला जाता येतं का?

काठापर्यंत कोणालाही. पेरितो मोरेनोवर वाटाड्यासोबत दोन-तीन तास खिळ्यांचे बूट घालून चालता येतं. चिलीत तोर्रेस देल पाइनेच्या पायवाटेवरून ग्रे हिमनदी दिसते, आणि बोटीने जवळ जाता येतं.

बर्फाच्या पठारावर जायचं असेल तर 'बुएल्ता अल इएलो' ही आठवडाभराची फेरी आहे: एल चाल्तेनहून मार्कोनी खिंडीने वर, सेर्रो तोर्रेच्या पाठीमागच्या 'वेद्यांच्या रिंगणा'खालून, आणि 'वाऱ्याच्या खिंडी'तून खाली. नाव उगाच पडलेलं नाही. तंबूभोवती हिमाच्या विटांची भिंत रचल्याशिवाय झोपायचं नसतं, आणि रात्रीतून दोनदा उठून साचलेलं हिम उपसावं लागतं. ढग उतरला की जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं होतं. पुढचं पाऊल चढावर पडतंय की उतारावर, तेही कळत नाही. उद्यानात नोंद करणं सक्तीचं आहे. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. हिमनदीचा अनुभव नसेल तर वाटाड्या घ्या. भेगांवर हिमाचं पातळ झाकण असतं, वरून काही दिसत नाही.

तिथे काही जगतं का?

बर्फाच्या पठारावर माणूस कधी राहिला नाही. पश्चिमेच्या खाड्यांत कावेस्कार लोक होडीतच संसार करून फिरत. होडीच्या मधोमध विस्तव पेटता ठेवत. त्यांचे थोडे वंशज पुएर्तो एदेनला आहेत. पूर्वेच्या पठारावर तेउएल्चे ग्वानाकोची (उंटाच्या कुळातल्या एका जंगली प्राण्याची) शिकार करत.

बर्फावर मात्र एक किडा राहतो. पंख नसलेला, काळा, दोन-अडीच सेंटीमीटरचा, 'पॅटागोनियाचा ड्रॅगन' म्हणून ओळखला जाणारा. हिमनदीच्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या खळग्यांत वाढतो. काठच्या जंगलात उएमूल हरीण असतं, चिलीच्या राजचिन्हावर आहे ते. आता फार थोडी उरली आहेत.

सगळं वितळलं तर समुद्र किती चढेल?

दोन्ही हिमक्षेत्रं मिळून सुमारे ४,७०० घनकिलोमीटर बर्फ आहे, युरोपातल्या सगळ्या आल्प्समधल्या बर्फाच्या जवळपास चाळीसपट. तो पूर्ण वितळला तर जगाचा समुद्र एक सेंटीमीटरहून थोडा जास्त चढेल. ऐकायला किरकोळ, पण एवढ्याशा जागेच्या मानाने हा वाटा मोठा आहे, आणि त्यातला काही समुद्रात पोहोचलाही आहे.

जमीन वर येते आहे म्हणतात, ते खरं का?

खरं, आणि वेगही अचाट. बर्फाच्या मध्यभागी उघड्या खडकात जीपीएस बसवून मोजलं तेव्हा जमीन वर्षाला चार सेंटीमीटरच्या आसपास वर येताना सापडली. डोक्यावरचं ओझं उतरलं की खालचा भाग फुगून वर येतो. स्कँडिनेव्हियातही येतो, पण तिथे वर्षाला फार तर एक सेंटीमीटर. इथे खालचं प्रावरण जास्त गरम आणि मऊ आहे, कारण समुद्रतळाची एक पर्वतरांग चिलीच्या किनाऱ्याखाली गेली आणि बुडणाऱ्या भूपट्टात फट पडली. त्या फटीतून वर आलेल्या उष्णतेने तळ सैल केला. त्यामुळे ओझं कमी झाल्याचा जाब जमीन हजारो वर्षांनी देत नाही, काही दशकांतच देते. खडकात घट्ट रोवलेली ती जीपीएसची काठी दहा वर्षांत गुडघाभर वर गेलेली असते, आणि भोवतालचा बर्फ तेवढ्याच काळात खाली.